अर्धे डोके आणि अवघे मन

सणाच्या अंकात दुखण्याखुपण्याची चर्चा करणे काही वाचकांना औचित्याला सोडून वाटेल. फराळाचे ताट पुढे असताना औषधाची बाटली कोण काढतो? पण ज्या दुखण्याविषयी मी लिहीत आहे त्याचे दिवाळीशी फार जवळचे नाते आहे. रात्रीचे जागरण, पहाटेची उठाऊठ, घाण्यावर घाणा काढताना दुपार टळेपर्यंत पोटात अन्नाचा कण नाही, अत्तराचा घमघमाट, फटाक्यांचा दणका आणि दिव्यांचा लखलखाट! अर्धशिशी चाळवणारी म्हणून वैद्यकाला जी कारणे ठाऊक आहेत, त्यांतली बहुतेक आपण या चार दिवसांत हौसेने गोळा करतो आणि घरातल्या एका बाईच्या माथी मारतो. मग रत्नागिरीकडच्या एखाद्या घरात पहिल्या आंघोळीनंतर कारीट फोडून मंडळी दहीपोहे आणि कोळाचे पोहे खायला बसतात, तेव्हा ज्या बाईने ते सगळे केले ती आतल्या खोलीत अंधार करून, कपाळाला फडके आवळून पडलेली असते. आणि पंगतीतून कोणीतरी म्हणते, "सणासुदीलाच बरं हिचं डोकं दुखतं!"

माझे भांडण या वाक्याशी आहे. हे वाक्य दिसते साधे, पण त्यात दोन समज दडलेले आहेत. एक, अर्धशिशी हे खरे दुखणे नव्हे, तो मनाचा खेळ आहे. दुसरा, जे मनाचे असते ते खोटे असते. हे दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि त्यांची किंमत बोलणाऱ्याला नव्हे तर ऐकणाऱ्या बाईला चुकवावी लागते.

अर्धशिशी ही काही आजची टूम नाही. आपल्या वैद्यकाने तिला 'अर्धावभेदक' म्हटले, म्हणजे अर्धे डोके फोडणारा विकार. ग्रीकांनीही तिला अर्ध्या कवटीचे दुखणे म्हटले आणि त्या शब्दापासूनच पुढे 'मायग्रेन' हा शब्द झाला. आमच्याकडे सूर्य उगवण्याआधी दुधाबरोबर गरम जिलबी खाण्याचा उपाय घरोघर सांगितला जातो. एवढे जुने, एवढे घरोघरचे दुखणे. आणि तरी त्याला दुखण्याचा मान नाही. शेजारच्या कर्नाटकात बंगळूर व त्याच्या आसपासच्या खेड्यांत झालेल्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले, प्रौढ माणसांपैकी शंभरांत सुमारे पंचवीस जणांना वर्षभरात कधी ना कधी अर्धशिशीचा झटका येऊन गेलेला आढळला. जगभर पाहता पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट बायका या विकाराने त्रासलेल्या असतात. ज्या विकारात पुरुष बहुसंख्य असते तर त्याला 'नाटक' म्हणण्याची कोणाची छाती झाली असती?

आता या झटक्याचा क्रम पाहा, कारण सगळा गैरसमज त्या क्रमात आहे. अर्धशिशी ही कपाळातल्या कळेने सुरू होत नाही. कळ येण्याच्या काही तास आधी, कधी एक-दोन दिवस आधी, अनेक रुग्णांच्या मेंदूत बदल सुरू झालेले असतात. जांभया येतात, मानेत ताठरपणा जाणवतो, गोड खाण्याची वासना होते, मन उतरते, चिडचिड होते, कोणाशी बोलू नये असे वाटते. मग केव्हातरी कळ उठते, उजेड आणि आवाज नकोसे होतात, ओकाऱ्या होतात. कळ थांबली तरी दुसऱ्या दिवशी अंगातली शक्ती कोणी काढून घेतल्यासारखा थकवा राहतो.

घरच्यांना यातले काय दिसते? आदल्या दिवशी सून तोंड फुगवून होती आणि आज डोके धरून बसली, एवढेच. त्यावरून निष्कर्ष तयार: रुसली म्हणून दुखते. वास्तविक तो रुसवाच नव्हता. ती दुखण्याची पहिली पायरी होती. पावसाआधी वारा पडतो म्हणून कोणी वाऱ्याला पावसाचे कारण म्हणत नाही; पण सुनेच्या बाबतीत आपण नेमके तेच करतो. 'काल शिरा खाल्ला म्हणून डोके चढले' हा तर्कही पुष्कळदा याच जातीचा असतो. झटका सुरू झालेला असतो म्हणून गोड खावेसे वाटते. खाल्ले म्हणून झटका आला असे प्रत्येक वेळी नसते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, "ठीक आहे, अर्धशिशी शरीराची मानू. मनाचा काही संबंध नाही असे एकदा सांगून टाका, म्हणजे मिटले." मला ते सांगता येणार नाही, कारण ते खरे नाही. संबंध आहे, आणि फार घट्ट आहे. अमेरिकेत डेट्रॉईट शहरात नेओमी ब्रेस्लाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे माणसांचा माग ठेवून हा संबंध तपासला. अर्धशिशी असलेल्या माणसाला पुढे नैराश्याचा विकार जडण्याची शक्यता इतरांहून कितीतरी अधिक दिसली. दुखण्याला कंटाळून माणूस खचतो, त्यात काय नवल, असे कोणी म्हणेल. पण नवल पुढे आहे. ज्यांना आधी नैराश्य होते आणि अर्धशिशी नव्हती, त्यांनाही पुढे अर्धशिशी होण्याची शक्यता अधिक निघाली. दुसऱ्या प्रकारच्या तीव्र डोकेदुखीत हा उलटा रस्ता सापडला नाही. तेथे डोकेदुखीकडून नैराश्याकडे जाण्याची एकच वाट होती. अर्धशिशी आणि नैराश्य यांच्यात मात्र रहदारी दोन्ही बाजूंनी चालते. दोन घरांतली माणसे एकमेकांकडे अशी सारखी ये-जा करू लागली की गाव ओळखतो, यांचे मागील दार एक आहे.

ते मागील दार कोठे आहे याचा शोध घेताना आपल्याच सह्याद्रीच्या जंगलातली एक मुळी उपयोगी पडली, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असायला हवी. सर्पगंधा ही ती मुळी. सापाच्या विषावर आणि वेडावर म्हणून वैद्य ती पिढ्यान्‌पिढ्या देत आले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचे प्रयोग केले आणि १९४९ साली ते इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यानंतर जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि रक्तदाबासाठी व मानसिक विकारांसाठी ते देशोदेशी वापरले जाऊ लागले.

मग दोन गोष्टी ध्यानात आल्या. रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांचे मन खचू लागले. आणि अर्धशिशीच्या रुग्णांना ते टोचले असता त्यांचे डोके उठू लागले. १९५५ साली अमेरिकेत ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की हे द्रव्य शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिता करते. सेरोटोनिन हे मेंदूतल्या पेशींनी एकमेकींना निरोप देण्याचे एक रसायन. मेंदूच्या देठाजवळच्या पेशींच्या एका पुंजक्यातून त्याचे धागे वर मनोभावांच्या केंद्रांकडे जातात, तसेच चेहऱ्याच्या व डोक्याच्या वेदना वाहणाऱ्या वाटेकडेही जातात. १९६० साली न्यूयॉर्कमध्ये फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेसर्पिनने उठलेले डोके सेरोटोनिन टोचून उतरते असे पाहिले. पुढे सिडनीच्या लान्स प्रभृतींनी १९६७ साली दाखवले की झटक्याच्या वेळी रक्तातले सेरोटोनिन खाली येते. नुसते सेरोटोनिन टोचणे रुग्णाला सोसत नसे, म्हणून त्याच्या ठराविक जागीच काम करणारे औषध शोधण्यात आले. सुमाट्रिप्टन या नावाने ते १९९१ साली बाजारात आले आणि झटका थांबवणाऱ्या औषधांचा एक नवा वर्ग सुरू झाला.

तेव्हा, पंगतीत बसून 'हे मनाचे आहे की डोक्याचे?' असा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर असे की, ज्या इंद्रियात वेदना उमटते त्याच इंद्रियात दुःख उमटते, आणि दोन्हींचे काही निरोप्ये एकच आहेत. अनुवंशाचा वाटाही दोन्हींत काही अंशी सामाईक आहे. मासिक पाळीआधी शरीरातले एक संप्रेरक एकदम उतरते तेव्हा पुष्कळ बायकांचे डोके उठते, आणि त्याच सुमारास मनही उतरते. डोके आणि मन यांमधली भिंत शरीराने बांधलेली नाही. ती आपण बांधली आहे, आणि तिच्या एका बाजूला 'नाटक' व दुसऱ्या बाजूला 'वेड' अशा पाट्या लावल्या आहेत.

परंतु येथे मला आपल्याच बाजूच्या काही उत्साही मंडळींना थांबवले पाहिजे. हल्ली सुशिक्षितांत एक नवा मंत्र निघाला आहे: "काही नाही हो, सेरोटोनिन कमी झालंय. गोळी घेतली की भरून निघेल." जणू मेंदू म्हणजे घरातला मिठाचा सट! हा मंत्र ऐकायला सोयीचा आहे, पण शास्त्राला धरून नाही. रेसर्पिनचीच गोष्ट पुरी वाचा. ते घेणारे सगळे काही खचले नाहीत. ज्यांना पूर्वी नैराश्य येऊन गेले होते तेच प्रामुख्याने खचले. १९५५ साली इंग्लंडमध्ये डेव्हिस आणि शेपर्ड यांनी चिंताग्रस्त व उदास रुग्णांना तेच द्रव्य दिले, तर त्यांतल्या कित्येकांना बरेच वाटले. केवळ सेरोटोनिनची उपलब्धता वाढवणाऱ्या आजच्या गोळ्या नैराश्यात अनेकांना उपयोगी पडतात, पण अर्धशिशी टाळण्यासाठी त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. उलट अ‍ॅमिट्रिप्टिलीन हे जुने औषध, जे एकाहून अधिक रसायनांवर काम करते, नैराश्य मुळीच नसलेल्या माणसाची अर्धशिशीही कमी करते, आणि तेही नैराश्याला लागते त्याहून पुष्कळ लहान मात्रेत. २०२२ साली लंडनच्या संशोधकांनी सगळा पुरावा चाळून म्हटले की नैराश्य म्हणजे सेरोटोनिनचा तुटवडा, असे सिद्ध होत नाही. त्यावर वाद झाला आणि होत आहे. त्याचा अर्थ गोळ्या निकामी आहेत असा मुळीच नाही, आणि कोणी हे वाचून आपली गोळी आपल्या मनाने बंद करू नये. अर्थ एवढाच की हिशेब वजाबाकीचा नाही. निरोप कोठे, केव्हा आणि कोणाला पोचतो, याचा तो गुंतागुंतीचा व्यवहार आहे. आणि त्यात झोप, उपास, पाळी, कष्ट, एकटेपण हे सगळे हस्तक्षेप करतात.

हा मंत्र मला का खुपतो? कारण 'रसायन कमी आहे' असे म्हटले की घराची जबाबदारी संपते. बाईला गोळी आणून दिली, झाले. ती रात्री किती वाजता निजते, पहिला घास केव्हा खाते, तिच्याशी दिवसभरात कोणी दोन शब्द बोलते का, हे मग कोणी विचारत नाही. रत्नागिरी जिल्ह्याला तर हे विशेष लागू आहे. येथल्या कितीतरी घरांचा कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस राहिला. शिमग्याला आणि गणपतीला येणारा चाकरमानी. मागे राहिलेल्या बाईने म्हातारी माणसे, गुरे, शेत आणि पोरे सांभाळली. वैशाखाच्या उन्हात सड्यावरून चालत जाऊन आणि श्रावणातले उपास करून तिचे डोके दुखले, तर ते सेरोटोनिनने दुखले की दिनक्रमाने? प्रश्नच चुकीचा आहे. दिनक्रम हा मेंदूतूनच जातो.

आता त्या गोळीची कहाणी ऐका. डॉक्टर अर्धशिशी टाळण्यासाठी अ‍ॅमिट्रिप्टिलीन लिहून देतात. मात्रा लहान असते. घरातला शिकलेला पुतण्या गोळीचे नाव मोबाइलवर पाहतो आणि जाहीर करतो की ही नैराश्यावरची गोळी आहे. शेजारीण त्याचे भाषांतर करते: "अगो, ही तर वेडाची गोळी!" त्या रात्रीपासून गोळी बंद. मग किराणा दुकानातून आणलेल्या दुखणेमारू गोळ्या सुरू होतात, रोज एक, रोज दोन. त्यांबद्दल कोणालाच लाज वाटत नाही. वास्तविक साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, अशा महिनोन्‌महिने घेत राहिल्या तर त्या गोळ्यांनीच रोजची डोकेदुखी जडते. म्हणजे जी गोळी उपयोगाची होती ती लाजेने टाकली, आणि जी अपाय करते ती इभ्रतीने घेतली!

ही लाज कोठून येते? रत्नागिरीकरांना ते वेगळे सांगायला नको. १८८६ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला रत्नागिरीत आणून ठेवले. येथले मनोरुग्णालयही त्याच वर्षाचे. राजाची आठवण राजवाड्याने राहिली. रुग्णालयाची आठवण गावाने थट्टेने ठेवली. पुण्याकडे येरवडा, मुंबईकडे ठाणे आणि कोकणात रत्नागिरी. 'याला तिकडे पाठवा' असे म्हटले की हशा ठरलेला. राज्यातल्या चार जुन्या सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक, शंभराहून अधिक वर्षे दुःखी माणसांना आसरा देणारी संस्था, आणि आपण तिचा उपयोग केला तो शिवी म्हणून. ही थट्टा निरुपद्रवी आहे असे समजू नका. ज्या बाईला चार महिने झोप लागत नाही आणि जगणे नकोसे वाटते, ती हीच थट्टा आठवून गप्प बसते. ती म्हणते, "डोकं दुखतंय." कारण तेवढेच म्हणण्याची तिला परवानगी आहे.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत उपचारावाचून राहणाऱ्यांचे प्रमाण, विकारागणिक, शंभरांत ७० ते ९२ निघाले. त्या पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण म्हणून आपण निराळे आहोत असे समजण्याचे धाडस कोणी करू नये. उपचाराऐवजी आपल्याकडे भगत आहे, कौल आहे, 'बाहेरचे' आहे. अंगात आले म्हणून मिरचीची धुरी देणे ही काही दंतकथा नव्हे. अशा अघोरी प्रकारांवर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राला २०१३ साली मिळाला, आणि त्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी खून झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर विम्याच्या बाबतीत मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीने वागवावे असे स्पष्ट सांगितले. कायद्याने भिंत पाडली. घराने पाडली नाही.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं" असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, आपल्या वेळीही होते. कपाळाला सुंठ उगाळून लावून बसणारी आजी, महिन्यातून दोनदा 'पित्त उठले' म्हणून अंधारात पडून राहणारी आत्या, विहिरीकडे एकटक पाहत बसणारी काकू, यांना आपण सर्वांनी पाहिले आहे. तेव्हा दुखणे नव्हते असे नाही. विचारणारे कोणी नव्हते. आणि सहन करणे हे जर एवढे मोठे पुण्य असेल, तर ते पुण्य पुरुषांनी दाढदुखीच्या वेळी का मिळवू नये?

मग करावे काय? माझी मागणी फार मोठी नाही. जो अर्धशिशीने त्रासलेला आहे त्याला घरच्यांनी आणि डॉक्टरांनी एक प्रश्न अधिक विचारावा: "झोप लागते का? मन कशात रमते का?" आणि जो उदास आहे त्याला विचारावे: "डोकं दुखतं का? कसं दुखतं?" दोन दुखण्यांपैकी एकच सांगितले गेले तर औषध निवडताना चूक होते, दोन्ही सांगितली तर एखादे औषध दोन्हींना उपयोगी पडू शकते, एखादे टाळावे लागते. झटक्यांची तारीख, पाळी, झोप आणि घेतलेल्या गोळ्या यांची नोंद कालनिर्णयाच्या पानावर करून ठेवली तर डॉक्टरचे निम्मे काम होते. एकाएकी, पूर्वी कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी उठली, किंवा तापाबरोबर, हातपाय लुळे पडण्याबरोबर उठली, तर ती अर्धशिशी समजून घरी थांबू नये. आणि कोणी जगणे नकोसे झाल्याचे बोलले तर त्याला उपदेश न करता जवळ बसावे आणि मदत मिळवावी. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी-सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

राहिली दिवाळी. चकल्यांचा घाणा घरातल्या पुरुषाने काढला तर चकली बिघडेल, एवढाच धोका आहे, तो पत्करावा. फराळ करणारीने सकाळी आधी दोन घास खावेत आणि मग कढई चढवावी. उटण्याच्या पहाटेआधीची रात्र निदान सहा-सात तासांच्या झोपेची असावी. एवढे करूनही तिचे डोके दुखलेच, तर खोलीतला दिवा मालवावा, दार हलक्या हाताने लोटावे, आणि पंगतीत कोणी ते जुने वाक्य उच्चारू लागला तर त्याला तिथल्या तिथे गप्प करावे. हे काम डॉक्टरचे नाही. ते तुमचे आणि माझे आहे.